नावाचं शेपूट

उजुंग तेको या किनाऱ्यावरच्या गावातल्या लोकांच्या जिभेला शब्दाच्या शेवटी न ठेवता येत नाही. न आला की त्याच्या मागोमाग ग आलाच. सरकारी भाषेत मासा म्हणजे इकान, तर ही माणसं इकांग म्हणणार. जेवणं म्हणजे माकान, तर हे माकांग म्हणणार आणि पोटभर जेवून उठणार. मग शहरातलं कुणी हसलं की काही जण इतका धसका घेतात की जिथे मुळातच ग आहे तिथलाही तोडून टाकतात. गावाचे मुखिया, ज्यांना सगळे पाक देसा म्हणत, ते या दुसऱ्या जातीतले. तालुक्याच्या कचेरीत त्यांची ऊठबस. केळं म्हणजे पिसांग, पण पाक देसा म्हणायचे पिसान, आणि म्हणताना हनुवटी जराशी वर उचलायचे, जणू तोंडातलं केळं सरकारी आहे.

ही हनुवटी गावाच्या ध्यानात आली ती चेनिंगच्या नकलेमुळे. तोवर सगळ्यांनी ती रोज पाहिली होती आणि कुणाला दिसली नव्हती.

चेनिंग हे तिचं नाव फक्त तिलाच आठवत असावं. बाईला पहिलं पोर झालं की तिचं नाव पोराच्या नावाआड जातं, तशी ती इंदोना आर्मांग झाली होती, आर्मांगची आई. नवरा तापानं गेला तेव्हा पोरगा चार वर्षांचा. पदरात काय, तर किनाऱ्यावरचं खांबांवर उभं लाकडी घर आणि मासळी वाळवायच्या बांबूच्या तीन मांडण्या. दिवसभर मासे चिरायचे, मीठ चोळायचं, उलटायचे, कावळे हाकलायचे. आणि संध्याकाळी घराच्या ओसरीवर बायाबापड्या जमल्या की नकला करायच्या. मक्केहून परत आलेली हाज्जा जिना कशी चढते, म्हाताऱ्या आम्बो तुवोच्या होडीचं इंजिन चालू होण्याआधी कसं खोकतं, शेजारीण तिंबांग कशी "मी काही बोलत नाही हं" म्हणून घटकाभर बोलत राहते. तिंबांग समोर बसूनच ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "मी काही बोलत नाही हं, पण मी इतकी लांबण लावत नाही." आणि मग पुन्हा घटकाभर बोलायची.

पण सगळ्यात मागणी होती ती मायलेकांच्या शाळेच्या नकलेला.

शाळेत जावाहून मास्तर आले होते, पाक गुरू विर्यो. तरुण, शिडशिडीत, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी विडाच उचलला होता की या गावाच्या जिभेचा ग काढीन.

"म्हण, आर्मान."

"आर्मांग."

"न. जीभ दातांच्या मागे टेकव. न."

"न."

"शाब्बास. आता सगळं नाव."

पोरगं एका पायावर भार टाकून उभं. अंगठ्यानं सदऱ्याची कड चोळतंय. श्वास घेतला, जीभ दातांमागे टेकवली, डोळे मोठे केले. "आर्मा...न..." सगळा वर्ग श्वास रोखून. मास्तरांचा हात शाबासकीसाठी वर आलेला. आणि मग, पिंपातून उरलेलं पाणी गळावं तसा हळूच, "...ग."

चेनिंग दोघंही व्हायची. मास्तरांचा वर आलेला हात तिथेच लटकत ठेवायची, आणि मग मान वाकडी करून तो ग सोडायची. लोक हसून हसून ओसरीच्या फळ्या वाजवायचे. आर्मांग स्वतः कोपऱ्यात बसून लाजत हसायचा आणि म्हणायचा, "इंदो, मी इतकं पण थांबत नाही." इंदो म्हणजे आई.

पाक गुरूंनी दाखल्यावर मात्र आर्मान असंच लिहिलं. पुढे पाक देसांनी ओळखपत्रावरही तसंच लिहिलं, शेवटी न, शेपूट नाही. ओळखपत्र हातात देताना म्हणाले, "सरकारात शेपटीची माणसं चालत नाहीत."

सतराव्या वर्षी आर्मांग लाकडी जहाजावर चढला. बोर्निओतून लाकूड भरायचं, सुराबायाला उतरवायचं. गावातली निम्मी पोरं हेच करत. दर खेपेला निघायच्या सकाळी चेनिंग बुरासा करायची, नारळाच्या दुधात शिजवलेला भात केळीच्या पानात बांधून पुन्हा उकडलेला, चार दिवस टिकणारा. पोरगा शिदोरी घ्यायचा आणि घराच्या मधल्या खांबाला दोन्ही हातांनी कवटाळायचा. तो खांब म्हणजे घराची नाभी. प्रवासाला निघालेल्या माणसाची नाळ त्या खांबाला बांधलेली असते, असं गावात सगळेच धरून चालतात. म्हणून घरातलं माणूस पाण्यावर असेल तोवर ते घर जागचं हलवायचं नाही. हलवलं तर तो परत येईल कुठे?

शेवटच्या खेपेला खांब सोडल्यावर तो जिन्यावरून परत वर आला. खिशातलं ओळखपत्र काढून आईच्या हातात दिलं.

"हे ठेव. मागच्या वेळी भिजून पापड झाला त्याचा."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तोंड आहे ना मला. सांगीन."

"तुझ्या तोंडाचं काय सांगतोस," ती म्हणाली, आणि त्याचाच अंगठा, त्याचाच सदरा करून दाखवला. तो हसत जिना उतरला. तिनं ओळखपत्र बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा आढ्याजवळच्या फळीवर ठेवला.

ते पश्चिमेच्या वादळी वाऱ्याचे दिवस होते. जहाज सुराबायाला पोचलं नाही.

अकरा माणसांपैकी चौघांना एका मालवाहू बोटीनं उचलून कुठल्याशा लांबच्या बंदरात उतरवलं, एवढी बातमी आली. नावं यायला एकोणीस दिवस लागले. गावात तेव्हा फोन नव्हता. पाक देसा तालुक्याला गेले, कचेरीत फोनवरून आलेली यादी आपल्या हातानं उतरवून घेतली आणि दुपारी चेनिंगच्या ओसरीवर येऊन बसले. सगळं गाव जिन्यापासून वाळूपर्यंत उभं. पाक देसांनी चष्मा पुसला, हनुवटी उचलली.

"वाचलेले. पहिला, सुदिर्मान. दुसरा, योसेफ. तिसरा, आर्मान."

खाली कुणीतरी रडायलाच लागलं. तिंबांगनं चेनिंगला मिठी मारली. पाक देसांनी हात वर करून शांत केलं, कारण यादी संपली नव्हती. चौथं नाव झालं. मग बेपत्ता सात. त्यातलं पाचवं त्यांनी वाचलं आणि ते अडखळले.

"आर्मांग."

"म्हणजे दोन?" आम्बो तुवोनं विचारलं. जहाजावर दोन आर्मान होते हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

"दोन," पाक देसा म्हणाले. "आता मुद्दा असा की आपला कोणता. आपल्या पोराच्या ओळखपत्रावर काय आहे? आर्मान. मी स्वतः लिहिलंय. शेपूट नाही. हा शेपटीवाला दुसराच कुणीतरी, बिचारा." त्यांनी गर्दीत पाक गुरूंना शोधलं. "गुरुजी, दाखल्यावर?"

"आर्मान," पाक गुरू म्हणाले. "मीच लिहिलं."

"झालं तर मग."

चेनिंगनं एकच विचारलं. "पाक देसा, जहाजावर चढताना जो कारकून नावं घेतो, तो बघून लिहितो की विचारून?"

"बघून. सरकारी माणूस कुणाच्या तोंडावर विश्वास ठेवतो का?"

लोक हसले. कुणी बकरं सोडून आणलं, कुणी साखर, कुणी नारळ. संध्याकाळी मशिदीत दुवा झाली. चेनिंगनं सगळ्यांना वाढलं. सगळे गेल्यावर तिनं स्टूल ओढलं, फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं. ओळखपत्र आत होतं. फोटोतलं पोरगं कान टवकारून बघत होतं.

तिनं डबा बंद केला आणि परत वर ठेवला.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. आज बकरं कापलंय लोकांनी. उद्याच्या दिवशी तिंबांगची सून बाळंत झाली. परवा पाक देसा स्वतः येऊन म्हणाले, पोरगा आला की त्याला कचेरीत घेऊन जातो, आपल्या गावातला वाचलेला माणूस, साहेबांना दाखवू. त्यांचे डोळे भरले होते. त्या दिवशीही राहिलं. आणि रोज ती सांगत नव्हती तोवर उजुंग तेकोच्या तोंडी पोरगा जिवंत होता. विहिरीवर, होडीवर, मशिदीच्या पायरीवर, सगळीकडे तो चालत बोलत होता. फक्त तिच्या घरात तो नव्हता.

दिवस गेले तसे गावानं त्याच्यासाठी कारणं शोधली. घाबरला असेल पाण्याला, जमिनीनं यायचं म्हणून बस शोधत असेल. मग, बोर्निओत कामाला लागला असेल. मग, पोरगी भेटली असेल.

"मी काही बोलत नाही हं," तिंबांग म्हणाली, "पण माझा भाऊ असाच नऊ वर्षांनी आला, आणि आला तो तीन पोरं घेऊन. तू नातवंडांच्या झोळीला दोरी बांध."

चेनिंगनं लगेच तिंबांगचा भाऊ करून दाखवला, दोन काखेत दोन पोरं आणि तिसरं मानेवर. लोक हसले. मग कुणीतरी म्हणालं, "शाळा कर ना, आर्मांगची."

"तो आला की करीन. त्याच्यादेखत," ती म्हणाली.

असं ती रमजानात म्हणाली, ईदला म्हणाली, आणि भात कापणीलाही.

त्या वर्षी समुद्रानं किनारा खायचा सपाटाच लावला. आधी नारळाची झाडं आडवी झाली, मग वाट गेली. एकेक घर उचलून टेकाडाकडे न्यावं लागलं. इथे घर म्हणजे सामानच, जमीन कुणाची का असेना, घर आपलं. घरातली भांडी, गाद्या बाहेर काढायच्या, खांबांना खालून आडवे बांबू बांधायचे, आणि शुक्रवारी नमाज झाला की पन्नासेक माणसांनी खांदे लावायचे. पुढे आम्बो तुवो. त्याचा आवाज त्याच्या इंजिनासारखा, आधी खोकायचा आणि मग धरायचा. तो ओरडायचा, "कुणाचं घर?" सगळ्यांनी मालकाचं नाव एका सुरात घ्यायचं, आणि त्या नावावर घर वर. पुन्हा "कुणाचं घर?" पुन्हा नाव, आणि दहा पावलं. या गावात घरं नावावर चालतात.

नऊ घरं गेली. किनाऱ्यावर एकटं चेनिंगचं राहिलं. भरतीला जिन्याची खालची पायरी पाण्यात जायला लागली, मग दुसरी. मासळीच्या मांडण्या तिनं घराखालून काढून आम्बो तुवोच्या अंगणात नेल्या. पश्चिमेचा वारा पुन्हा सुरू व्हायला महिनाही नव्हता.

गाव तिच्या ओसरीवर येऊन बसलं. दुपारची वेळ, भरती चढत होती, आणि बोलताना फळ्यांखाली पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता.

"मुद्दा असा," पाक देसा म्हणाले आणि थांबले. हनुवटी वर गेली नाही.

"मी काही बोलत नाही हं," तिंबांग म्हणाली, "पण हे घर वाऱ्याला टिकायचं नाही. आणि टिकलं नाही तर पोरगा आल्यावर कुठे यायचा?"

"हलवलं तरी कुठे यायचा?" कुणीतरी मागून म्हणालं. "तो पाण्यावर असताना नाभी हलवायची?"

"पाण्यावर आहे की जमिनीवर ते तरी कुठे कळलंय? समजा बोर्निओत जमिनीवर असेल, तर चालेल का?"

"आम्बो, चालेल?"

आम्बो तुवोनं घसा खाकरला. "पोरी, हे मी ठरवायचं नाही. तुझ्या घरातला माणूस प्रवासात आहे की नाही, हे तू सांगायचं. तू आहे म्हणालीस तर आम्ही घराला हात लावणार नाही. दगड आणू, बांध घालू, जमेल ते करू." त्यानं फळ्यांच्या फटीतून खालचं पाणी बघितलं. "पण जमायचं नाही."

सगळे तिच्याकडे बघत होते. पाणी फळ्यांखाली वाजत होतं.

चेनिंग उठली. "शाळा करते," ती म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. तिंबांगनं तोंडाला पदर लावला, हसू आलं तर असावा म्हणून.

ती पेटीवर बसली. मास्तर नाही झाली. कानावर नसलेलं पेन काढलं, मांडीवर नसलेलं पुस्तक उघडलं, मान वर न करता म्हणाली, "नाव?"

हा कोण नवा, लोकांना कळेना. तिनं उठून जागा बदलली. एका पायावर भार, मान वाकडी, अंगठा सदऱ्याच्या कडेवर. तिच्या अंगात सदरा नव्हता, पण सगळ्यांना तो दिसला.

"आर्मांग, पाक."

ओसरी हसली. वर्षभरानं पोरगा घरात आला होता.

पुन्हा पेटीवर. "ओळखपत्र?"

"घरी आहे, पाक. भिजतं म्हणून इंदोकडे ठेवलंय."

"मग नीट सांग. नाव?"

पोरानं श्वास घेतला. जीभ दातांमागे टेकवली. मागच्या रांगेत पाक गुरू बसले होते, आता केस पांढरे झालेले, त्यांचा हात नकळत गुडघ्यावरून वर आला. "आर्मा...न..." सगळे थांबले. ती खूप वेळ थांबली, आधी कधी थांबायची त्याहून खूप जास्त. "...ग."

हसू फुटलं. ती पेटीवर बसली, डावा तळहात पुढे धरला आणि उजव्या बोटानं त्यावर एकेक अक्षर लिहिलं, मोठ्यानं बोलत. "आ. र्मां. ग." मग नजर न उचलता, "पुढचा."

उठली. दोन्ही पायांवर सरळ, छाती पुढे, जावाचा पोरगा. स्वच्छ म्हणाली, "आर्मान."

तिनं तळहातावर तेही लिहिलं. शेवटी न. बोट तिथेच थांबवलं.

हसू एकदम थांबलं नाही. आधी आम्बो तुवोचं थांबलं. मग पाक गुरूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग पुढची रांग. जिन्यावरची दोन-चार पोरं अजून खिदळत होती, त्यांना त्यांच्या आयांनी दाबून गप्प केलं.

चेनिंगनं स्टूल ओढलं, डबा काढला आणि ओळखपत्र पाक देसांपुढे ओसरीच्या फळ्यांवर ठेवलं.

"हे त्याच दिवशी बघितलं मी," ती म्हणाली. "पण त्याच्याआधीच कळलं होतं. तुम्ही वाचलंत ना पाक देसा, तेव्हाच. माझ्या पोराला मेला तरी आर्मान म्हणता आलं नसतं."

मग ती आम्बो तुवोकडे वळली. "घर उचला. या घरातलं आता कुणी प्रवासात नाही."

पाक देसा मग गावाची जन्ममृत्यूची वही घेऊन परत आले, एकटेच. वही तिच्यासमोर उघडली. त्या वर्षाच्या मृत्यूंच्या पानावर शेवटच्या नोंदीखाली पेन्सिलीनं, अगदी फिकट, एक नाव आधीच लिहिलेलं होतं. आर्मान. ते कधीचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. त्यांनी ते खोडरबरानं हळूहळू पुसलं, पेन उघडलं, आणि विचारलं, "कसं लिहू?"

"तो म्हणायचा तसं."

त्यांनी शाईनं लिहिलं. शेवटच्या अक्षराला कागदावर जरा जोरच लागला.

शुक्रवारी पन्नास माणसं आली. घर रिकामं झालं, बांबू बांधले गेले. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. समुद्राकडच्या कोपऱ्यातल्या बांबूला आर्मांग सोळाव्या वर्षापासून खांदा द्यायचा. या वर्षी, तो येईतोवर म्हणून, तिथे कुणीही खांदा द्यायचा; आज मात्र कुणी उभं राहीना. सगळे कमरेला सारोंग आवळत, पायाखालचे खेकडे बघत. मग पाक गुरू विर्यो चपला काढून पुढे आले. वीस वर्षं गावात होते, पण परका म्हणून त्यांना कुणी खांदा द्यायला बोलावलं नव्हतं आणि तेही आले नव्हते. त्यांनी खिशातली दोन्ही पेनं काढून एका पोरीकडे दिली आणि बांबूखाली खांदा घातला.

आम्बो तुवोचा घसा खोकला, धरला. "कुणाचं घर?"

"इंदोना आर्मांग," पन्नास माणसं म्हणाली, आणि घर दगडांवरून सुटलं. पाक गुरूंचाही आवाज त्यात होता. त्यांनी ग म्हटला होता, स्पष्ट, इतरांहून जरा लांबवून. शिकवताना म्हणायचे तसा.

"कुणाचं घर?"

"इंदोना आर्मांग."

घर दहा-दहा पावलांनी टेकाडाकडे गेलं. बाया भांडी घेऊन मागे गेल्या. चेनिंग गेली नाही. जिथे घर होतं तिथे वाळूत खांबांखालचे चपटे दगड तेवढे राहिले होते, रांगेत, आणि मधला सगळ्यात गुळगुळीत. ती त्याच्यापाशी बसली. ओटीतून केळीच्या पानाची बांधलेली पुडी काढली. बुरासा पहाटेच केला होता, अजून कोमट असावा. तिनं तो दगडावर ठेवला, दोरा एकदा ओढून बघितला, घट्ट आहे ना म्हणून.

पाणी आलं, दगडाला लागलं, मागे गेलं. पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी पुडी उचलली गेली आणि हेलकावत बाहेर निघाली.

वर टेकाडावरून अजून ऐकू येत होतं. कुणाचं घर. इंदोना आर्मांग. चेनिंगचे ओठ हलले, पण कुणाचीच नक्कल निघाली नाही.

तिंबांग शोधत खाली आली. पुडी बरीच लांब गेलेली तिला दिसली. ती शेजारी ओल्या वाळूत बसली, आणि त्या दिवशी खरंच काही बोलली नाही.